उतारावरच्या गावाचे सांडपाणी

घरोघर नळ आला की गावातले पाणी वाढते, आणि वाढलेले पाणी कुठेतरी जावेच लागते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे माप ठरवले. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा जुना हिशोब आहे. म्हणजे हजार लोकवस्तीच्या गावात रोज ४४ हजार लिटर. विहिरीवरून हंडे भरून आणावे लागत तेव्हा बाया पाणी जपून वापरत आणि मोरीचे पाणी परसातल्या केळीला नाहीतर अळवाला जाई. आता ते नालीत येते. नळयोजना एका खात्याची, नाली दुसऱ्या निधीतली, आणि पाणी जिथे जाऊन साचते ती जागा कोणाच्याच कागदावर नाही.

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न दोन तोंडांनी उभा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा, आणि वाशीम जिल्ह्यातून येऊन जिल्ह्याच्या मधून वाहणारी कयाधू. वसमतकडे काळी, सपाट, हळदीची जमीन. औंढा नागनाथ, कळमनुरी, सेनगाव या भागांत अजिंठ्याच्या रांगेचे फाटे, माळ आणि टेकड्या. या टेकड्यांच्या अंगाखांद्यावर आंध आदिवासींच्या वाड्या आणि बंजारा तांडे आहेत. कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे ते याच वस्तीमुळे. दोनशे-चारशे माणसांची वाडी, अरुंद चढाच्या वाटा, वर घरे आणि खाली ओढा, अशी यातल्या बऱ्याच गावांची ठेवण. सांडपाण्याच्या सरकारी पुस्तिका मात्र बहुतेक सपाट गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात.

गावपातळीवर आजवर सर्वांत जास्त चाललेला उपाय म्हणजे शोषखड्डा. त्याचा सर्वांत गाजलेला दाखला आपल्या शेजारीच आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले, नाल्या कोरड्या पडल्या, डास हटले. २०१५-१६च्या सुमारास नांदेड जिल्हा परिषदेने रोजगार हमीच्या कामातून हाच प्रयोग जिल्हाभर नेला, आणि ‘मॅजिक पिट’ हे नाव रूढ झाले. साधा शोषखड्डा म्हणजे खड्डा खणून त्यात दगड-विटांचे तुकडे भरणे. तो वर्ष-दोन वर्षांत बुजतो, कारण साबणाचा साका, तेलकटपणा, भांडी घासायची राख आणि अंगणातली माती दगडांच्या फटींत बसते. मॅजिक पिटमध्ये खड्ड्याच्या मधोमध वरच्या अंगाला भोके पाडलेली सिमेंटची टाकी ठेवतात आणि तिच्या भोवताली दगड रचतात. पाणी आधी टाकीत पडते, गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळलेले पाणी भोकांतून दगडांत उतरते. टाकीला झाकण असते. ते काढून गाळ उपसला की खड्डा पुन्हा चालू. सगळी करामत त्या टाकीत आहे. गवंडी घाईत असला आणि भोके तळापर्यंत पाडून मोकळा झाला, तर मॅजिक पिटचा साधा शोषखड्डा होतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

२५ ऑगस्ट २०२१ पासून केंद्राने ‘सुजलाम’ नावाची शंभर दिवसांची मोहीम चालवली. देशभरात दहा लाख शोषखड्डे हे तिचे उद्दिष्ट. मोहिमेला आकडा लागतो हे समजू शकते. पण खड्डा चालेल की नाही हे आकडा ठरवत नाही, जमीन ठरवते, आणि हिंगोलीत जमीन चार मैलांवर बदलते.

हिशोब करून पाहू. केंद्राच्या नगर स्वच्छता अभियांत्रिकीच्या मार्गदर्शिकेत शौचखड्ड्यांसाठी जमिनीची जिरवण दिलेली आहे: वाळूत चौरस मीटरला रोज ५० लिटर, पोयट्यात ३०, चिकण मातीत १०. मोरीच्या पाण्यालाही ही मापे ढोबळमानाने लावता येतात. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्याच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ होते चार चौरस मीटर. तो वाळूसारख्या मोकळ्या थरात २०० लिटर जिरवेल, पोयट्यात १२०, चिकण काळीत अवघे ४०. पाच माणसांच्या घरातून, शौचालयाचे पाणी वगळून, दीडशे ते दोनशे लिटर पाणी निघते. म्हणजे माळावरच्या भरड मुरमात जो खड्डा घर सांभाळतो, तोच कयाधूकाठच्या काळ्या रानात पहिल्या पावसाळ्यात तोंडाशी येतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्या फटी मिटतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर चाळीस लिटरही जिरत नाही.

यावरून डोंगरातल्या गावाला शोषखड्डा अगदी सोयीचा, असे वाटेल. पाणी जिरवण्यापुरते ते खरेच आहे. पण जी जमीन पाणी लवकर पिते ती ते कमी गाळते. आपला डोंगर बेसाल्टचा. वर हात-दोन हात मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. मातीच्या बारीक कणांतून पाणी हळू उतरते तेव्हा त्यातले जंतू कणांना चिकटून मरतात. भेगेतून उतरते तेव्हा गाळणीच नसते. शौचखड्डा आणि विहीर यांच्यात अमुक मीटर अंतर ठेवा, असे नियम मातीसाठी केलेले आहेत. भेगाळ खडकात ते अंतर पुरे पडेल याची खात्री नाही, हे मार्गदर्शिकाही सांगतात. आणि डोंगरातल्या गावाची सार्वजनिक विहीर असते कुठे? पाणी जिथे लागते तिथे, म्हणजे गावाच्या खाली, ओढ्याच्या काठाला. वरच्या पन्नास घरांचे खड्डे त्याच उतारावर.

या प्रश्नाचा गाभा इथे आहे असे मला वाटते. काळ्या जमिनीत शोषखड्डा फसतो ते डोळ्यांना दिसते. अंगणात डबके होते, लोक ओरडतात. मुरमाच्या उतारावर तो फसला तर काहीच दिसत नाही. अंगण कोरडे, नाली कोरडी, गावाला बक्षीसही मिळते, आणि बिघाड विहिरीत जातो. म्हणून डोंगराळ गावात कामाची सुरुवात खड्ड्यापासून न होता विहिरीपासून व्हायला हवी.

त्यासाठी नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता पाहणी होते, आणि जोखमीनुसार लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे राहिले तर चंदेरी. विहिरीभोवती सांडपाणी साचते का, शौचखड्डा जवळ आहे का, हे त्या पाहणीत विचारलेलेच असते. पंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात जंतुनाशक टीसीएल पावडर टाकतो, नमुने तपासणीला जातात. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नको आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे, ही मापेही ठरलेली आहेत. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि नंतर विहिरीत नायट्रेट किती, ही नोंद चार-पाच वर्षांची लावून पाहिली तर वरच्या उताराचे काय चालले आहे याचा अंदाज येतो. अर्थात शेतातल्या युरियाचा वाटा त्यात असतोच, तो ध्यानात ठेवूनच. सांडपाण्याचा आराखडा करणारे अभियंते हे कार्ड आणि या नोंदी मागवून घेत नाहीत, याचे मला वाईट वाटते. पाणीपुरवठा आणि सांडपाणी ही एकाच ओढ्याची दोन टोके आहेत.

शौचालयांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण खरा धोका तिथला आहे. २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनमध्ये दोन खड्ड्यांच्या शौचालयावर भर होता: एक भरला की वाय आकाराच्या चेंबरमध्ये पाणी दुसऱ्याकडे वळवायचे, पहिला वर्षभर तरी मिटवून ठेवायचा, मग त्यात निघते ते कोरडे, वास नसलेले खत. काळ्या जमिनीत अशा खड्ड्याभोवती वाळू-खडीचा ३० सेंटिमीटरचा वेढा द्यायचा असतो. तो न देता केलेले खड्डे पावसात भरून येतात आणि शौचालय अडगळीची खोली होते. जिथे पैसा आहे तिथे लोक एकच मोठी सेप्टिक टाकी बांधतात आणि तिचे वरचे पाणी नालीत सोडतात. टाकीतून आलेले पाणी दिसायला निवळ असले तरी त्यात जंतू भरपूर असतात. ते मोरीच्या पाण्यात मिसळले की साऱ्या नालीचे पाणी मैल्याचे होते, आणि मोरीच्या पाण्यावर चालू शकणारे सोपे उपाय मग चालत नाहीत. म्हणून शौचालयाचे पाणी आणि मोरीचे पाणी वेगळे ठेवणे ही लहान गावातली सर्वांत स्वस्त प्रक्रिया आहे. तिला यंत्र लागत नाही, पंचायतीचा आग्रह लागतो.

नालीतल्या डासांबाबतही नीट बोलायला हवे. घाण पाण्यात वाढणारा डास क्युलेक्स; हत्तीरोग त्याच्यामुळे पसरतो आणि नाल्या कोरड्या झाल्या की तो घटतो. डेंगीचा एडिस घरातल्या स्वच्छ साठवणीत, रांजणात, टायरात वाढतो. मलेरियाच्या डासालाही बहुधा स्वच्छच पाणी लागते. शोषखड्ड्यांनी सगळे साथीचे आजार जातील असे गावाला सांगितले आणि पुढच्याच वर्षी डेंगीचे रुग्ण निघाले, तर लोकांचा खड्ड्यावरचा विश्वास उडतो.

आता बंदिस्त गटाराकडे. गावातून फिरताना सिमेंटचा रस्ता आणि त्याच्या कडेने पुरलेला पाइप आज सगळीकडे दिसतो. लोकांची मागणी तीच असते, आणि ती स्वाभाविक आहे: दारातली घाण जावी. पण पाइप घाण हलवतो, संपवत नाही. उताराच्या गावात वरच्या आळीचे पाणी खालच्या वस्तीपाशी बाहेर पडते, आणि खालच्या अंगाला कोणाची घरे असतात हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. शेवटच्या टोकाला प्रक्रियेची जागा आधी नक्की केल्याशिवाय गटाराच्या कामाला मंजुरी देऊ नये, इतका कडक नियम मला योग्य वाटतो.

शेवटच्या टोकाला काय करता येते, याचे पर्याय जगभर तपासून झालेले आहेत. विजेवर हवा फुंकणारे शहरी पद्धतीचे संयंत्र लहान गावाला पेलत नाही. बिल थकले की ते बंद, आणि बंद पडलेल्या टाकीतले जिवाणू काही दिवसांत मरतात. त्याच्या उलट, उतारावर आपोआप चालणाऱ्या पद्धती आहेत. निवळण टाकी, मग आडव्या-उभ्या भिंतींतून पाणी खालीवर फिरवणारी बंद टाकी, मग खडीत लावलेल्या झाडांचा वाफा, शेवटी उघडे तळे: बंगळुरूच्या सीडीडी संस्थेने ही विकेंद्रित पद्धत भारतात बरीच राबवली. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने खडी आणि झाडांच्या वाफ्यावर ‘फायटोरिड’ हे तंत्र बेतले. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात ते बसवलेले आहे. कर्दळ, पाणकणीस, देवनळ ही त्यातली झाडे आपल्या ओढ्यांना नवीन नाहीत. खरे काम झाडांपेक्षा त्यांच्या मुळांभोवती आणि खडीवर वाढणारे जिवाणू करतात; मुळे खडी मोकळी ठेवतात.

डोंगराळ गावाला मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती फ्रान्समधल्या लहान गावांची रीत. तिथे हजारो खेड्यांत सांडपाणी निवळण टाकीत न घालता थेट देवनळाच्या वाफ्यावर सोडतात. एका वेळी एकच वाफा भिजवायचा, बाकीचे सुकू द्यायचे, काही दिवसांनी पाळी बदलायची. वरचा गाळ वाफ्यावरच सुकून खत होतो आणि कैक वर्षांनी एकदा काढावा लागतो. दोन टप्पे असतात, एक वर आणि एक खाली, आणि पाणी एकदम भसकन सोडायला विजेऐवजी वक्रनळी वापरतात. त्यासाठी लागते ती फक्त उंचीची तफावत, आणि ती या वाड्यांना फुकट मिळालेली आहे. जागा मात्र लागते: माणशी सुमारे दोन चौरस मीटर, म्हणजे हजार वस्तीला २,००० चौरस मीटर, आपल्या मापात वीस गुंठे. चारशेच्या तांड्याला आठ गुंठे. गायरानातून आठ गुंठे काढणे अवघड नाही. ती जागा गावाच्या खाली आणि विहिरीच्याही खाली मिळणे अवघड आहे.

मात्र उचलून आणलेला नमुना इथल्या पावसात टिकला पाहिजे. आपल्याकडे नाली एकच असते, सांडपाण्याची आणि पावसाचीही. वळवाच्या पहिल्या सरीला डोंगरावरची माती, पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या असे सगळे लोंढ्याने खाली येते आणि खडीचा वाफा एका दुपारीत बुजतो. म्हणून वाफ्याच्या आधी जाळी, गाळाची टाकी आणि जादा पाणी बाजूने ओढ्यात काढणारा सांडवा, या तीन गोष्टी नसतील तर बाकीचे बांधकाम वाया गेले म्हणून समजावे. दुसरे टोक उन्हाळ्याचे. एप्रिल-मेमध्ये पाणी टँकरचे असते, सांडपाणी जवळजवळ निघतच नाही आणि वाफ्यातली झाडे वाळतात. देवनळ आणि पाणकणीस मुळातून पुन्हा फुटतात. शोभेची झाडे लावली असतील तर ती गेली. आणखी एक इथलीच अडचण: औंढा, कळमनुरी, वसमत या भागांत जमीन हादरते. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. विटांच्या मोठ्या टाकीला अशाने बारीक तडा गेला तर ती जमिनीखाली झिरपत राहते आणि वरून पत्ता लागत नाही. टाक्या लहान ठेवाव्यात, आणि वर्षातून एकदा भरून चोवीस तास पातळी पाहावी.

नर्सी नामदेव किंवा औंढ्यासारख्या यात्रेच्या ठिकाणांचे गणित वेगळे आहे. परतवारीला आणि महाशिवरात्रीला तिथे वर्षभराच्या वस्तीपेक्षा कितीतरी माणसे एका दिवसात येतात. त्या दिवसासाठी कायमचे संयंत्र बांधणे परवडत नाही. फिरती शौचालये आणि साठवण टाक्या हाच मार्ग.

प्रक्रिया केलेल्या पाण्याचे पुढे काय, याला पंजाबात संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी उत्तर दिले. गावाचे सांडपाणी तळ्यांत निवळवून शेताला द्यायचे. कालीबेईं नदीचे काम त्यांनी २०००मध्ये हाती घेतले. आपल्याकडे ही दृष्टी त्याहून जुनी आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले, आणि देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी गावात शौचालयाला जोडलेला गोबरगॅस चालवून दाखवला. २०१७मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दोघांनीही सांडपाण्याकडे शेतीचा माल म्हणून पाहिले. हिंगोलीत उन्हाळी चाऱ्याची जी ओढ असते ती पाहता वाफ्यातून निघालेले पाणी गजराज गवताला, बांबूला किंवा शेवग्याला द्यावे. कोथिंबीर, मेथी, काकडी अशा कच्च्या खायच्या पिकांना देऊ नये.

आता पैसा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावांना ६६० रुपयांपर्यंत निधी ठरला. त्यातला ३० टक्के वाटा पंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचा. हजाराच्या गावाला होतात २ लाख ८० हजार, चारशेच्या तांड्याला १ लाख १२ हजार. लहान वस्तीला माणशी खर्च जास्त येतो हा अभियांत्रिकीचा साधा नियम. निधीचा दर त्याच्या उलट लावलेला आहे. डोंगराळ आणि आदिवासी वाड्यांसाठी वेगळा दर असावा, ही मागणी जिल्ह्यातून जोराने जायला हवी.

तोवर त्या लाखभर रुपयांत काय करावे, याचा निर्णय एका सोप्या चाचणीवर सोडता येतो. भारतीय मानक २४७०मध्ये ती दिली आहे. फूटभर रुंद आणि जिथे पाणी जिरवायचे तितका खोल खड्डा, तळाला बोटभर-दोन बोटे खडी, रात्रभर पाण्याने भरून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी घालून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहायचे. तीस मिनिटांच्या आत उतरले तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ लागली तर खड्ड्याऐवजी लांब, उथळ चर. साठच्या वर गेले तर जिरवण्याचा नाद सोडून पाणी वाफ्यावर न्यायचे. अगदी झपाट्याने, पाच मिनिटांतच उतरले आणि खाली विहीर असली, तर तिथेही जिरवू नये असे मी म्हणेन. परसातल्या मातीच्या वाफ्यात केळी-कर्दळीला पसरून द्यावे. शाळेतली मुले विज्ञानाच्या तासाला ही चाचणी प्रत्येक आळीत करू शकतात. खर्च घड्याळाचा आणि बादलीचा.

राहिला गाळ. मॅजिक पिटची टाकी घरातल्या माणसाने उपसायची असते आणि ते होते, कारण तो मोरीचा गाळ असतो. सेप्टिक टाकीचे तसे नाही. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवून साफसफाई करवणे हा गुन्हा आहे. साताऱ्याजवळच्या वाई नगरपालिकेने तीन वर्षांतून एकदा प्रत्येक घराची टाकी ठरलेल्या पाळीने गाडीने उपसायची आणि मैला प्रक्रिया केंद्रावर न्यायची, अशी पद्धत लावली. सिन्नरलाही ती आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी या नगरपालिकांनी आसपासच्या गावांशी करार करून ही पाळी खेड्यांपर्यंत नेली तर रस्त्यालगतची गावे सुटतील. चढाच्या वाटेवरच्या तांड्यात ती गाडी पोहोचणार नाही. तिथे सेप्टिक टाकीला परवानगीच देऊ नये. दोन खड्ड्यांचे शौचालयच बांधावे, आणि जुन्या एका खड्ड्याशेजारी दुसरा खणून वाय चेंबर बसवायला पंचायतीने हात द्यावा. खड्डे विहिरीच्या थेट वरच्या अंगाला येत असतील तर ते उथळ ठेवून तळ सिमेंटने बंद करावा आणि भोवती वाळूचा वेढा द्यावा. आणि पहिला खड्डा उघडायची वेळ आली की ग्रामसेवक आणि सरपंचांनी तिथे उभे राहून ते खत स्वतःच्या हाताने उचलून दाखवावे, कारण त्या खताला हात लावायची लाज आणि भीती गेल्याशिवाय दुसऱ्या खड्ड्याचा उपयोग कोणी करणार नाही.